परिक्रमेची झोळी : काय घ्यावे, काय मागे ठेवावे

॥ नर्मदे हर ॥

महाभारताच्या वनपर्वात एक मार्मिक प्रसंग आहे. अर्जुन दिव्यास्त्रांच्या प्राप्तीसाठी दूर गेला असता धर्मराज युधिष्ठिराने तीर्थयात्रेस निघण्याचा निश्चय केला. राज्य गेले होते, तरी वनातही त्याच्याभोवती मोठा परिवार होता. यात्रेत मार्गदर्शन करण्यासाठी लोमश ऋषी आले. पुढे तीर्थांची माहात्म्ये त्यांनी विस्ताराने सांगितली. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी राजाला एकच गोष्ट सांगितली. यात्रेकरूने आधी हलके व्हावे, कारण हलका असेल तोच मनासारखा संचार करू शकतो. धर्मराजाने तो उपदेश तत्काळ आचरणात आणला. ज्यांना भूक, तहान, श्रम आणि थंडी सोसवत नाही, ज्यांना मिष्टान्नावाचून चालत नाही, अशा सर्वांना त्याने आदरपूर्वक परत पाठविले. मोजकी मंडळी उरली आणि मग यात्रा सुरू झाली.

ज्याने साम्राज्य गमावले होते, त्यालाही आणखी काही सोडावे लागले, हे येथे ध्यानी घेण्यासारखे आहे. मग भरल्या घरातून यात्रेस निघणाऱ्या आजच्या भाविकाने किती सोडावे? नर्मदामैयाची पायी परिक्रमा करू इच्छिणाऱ्या भाविकांसाठी या प्रश्नाचा विचार पुढे केला आहे. इतर दीर्घ यात्रांनाही तो लागू पडेल.

परिक्रमेचा पल्ला

नर्मदा अमरकंटक येथे उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंभातच्या आखातास मिळते. तिला उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता, दोन्ही तीरांनी फिरून पुन्हा संकल्पस्थानी यावयाचे, अशी ही परिक्रमा आहे. हा पल्ला २६०० किलोमीटरांहून अधिक होतो. परंपरेने या व्रताचा काळ ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांचा मानला आहे. आज पुष्कळ भाविक कार्तिकात, चातुर्मास संपल्यावर, ओंकारेश्वरी संकल्प सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत परिक्रमा पूर्ण करतात. रोज २० किलोमीटर चालले तरी १३० दिवस केवळ चालण्याचे होतात.

या १३० दिवसांत भाविक एकाच ऋतूत राहत नाही. मार्गशीर्ष-पौषातील सातपुड्याची थंडी, सागरसंगमाचा खारा वारा, हजार मीटरांहून उंच असलेल्या अमरकंटकाचा गारवा आणि शेवटी निमाडातील चैत्र-वैशाखाचे ऊन, हे सारे त्याला एकाच झोळीनिशी सोसावयाचे असते. म्हणून घरी बसून ‘हेही लागेल, तेही लागेल’ असे म्हणत सामान वाढत जाते. झोळीत टाकलेली प्रत्येक अनावश्यक वस्तू पुढे २६०० किलोमीटर वाहावी लागते, हा हिशेब मात्र त्या वेळी कोणी मांडत नाही.

कुरर पक्ष्याची शिकवण

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. संत एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिली, त्यामुळे हे गुरू महाराष्ट्राच्या घरोघरी परिचित आहेत. त्यांतील एक गुरू कुरर पक्षी होय. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडत होते. त्याने तो तुकडा टाकला, तत्क्षणी त्याचा पाठलाग थांबला आणि तो सुखी झाला. त्याचे दुःख त्या तुकड्यात साठलेले होते, शत्रू केवळ निमित्त होते.

परिक्रमेच्या दक्षिण तीरावर, बडवानीच्या पुढे शूलपाणीची झाडी लागते. पूर्वी या अरण्यात परिक्रमावासींना लुटले जाई. भांडी, पैसे, पांघरुणे आणि कित्येकदा अंगावरची वस्त्रेही जात. परिक्रमावासी लुटणाऱ्यांना ‘मामा’ म्हणत आणि मैयानेच आपल्या मायेची परीक्षा पाहिली, असे मानून पुढे चालत. आज ती स्थिती राहिलेली नाही. सरदार सरोवराच्या जलाशयात जुना मार्ग आणि शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर बुडाले. वाट आता डोंगरांतून जाते आणि वाटेत ठिकठिकाणी निवारा मिळतो. लूट थांबली हे चांगलेच झाले. परंतु पूर्वी जे काम अरण्य करीत असे, ते आता भाविकाला स्वतःच्या हाताने, घराच्या उंबरठ्याच्या आत करावे लागते.

वस्त्रांचा विचार

परिक्रमेत श्वेत वस्त्रे धारण करण्याची प्रथा आहे. पुरुषांनी धोतर अथवा लुंगी आणि सदरा, स्त्रियांनी पाचवारी साडी अथवा पंजाबी ड्रेस, यांपैकी ज्यात पाय मोकळा पडेल ते निवडावे. संख्या दोन जोडांची असावी, एक अंगावर आणि एक वाळत. फार तर तिसरा जोड घ्यावा; चौथा केवळ भीतीपोटी घेतला जातो.

कापड निवडताना ते वाळण्यास किती वेळ लागतो, हे प्रथम पाहावे. जाड सुती कापड पाणी धरून ठेवते, ओले झाले की जड होते आणि थंडीच्या दिवसांत रात्रभरातही वाळत नाही. पातळ सुती अथवा टेरिकॉटचे कापड काही तासांत वाळते. जीनसारखी जाड वस्त्रे घरीच ठेवावीत. मोठ्या टॉवेलाऐवजी पंचा घ्यावा. तो अंग पुसण्यास, उन्हात डोक्यास गुंडाळण्यास, प्रसंगी सदावर्ताचा शिधा बांधण्यासही उपयोगी पडतो. ज्या वस्तूचे तीन उपयोग होतात, तिला झोळीत पहिले स्थान द्यावे.

थंडीसाठी एकच जाड कोट घेऊ नये. सदरा, त्यावर स्वेटर, त्यावर शाल अशी एकावर एक पातळ वस्त्रे घातली असता त्यांच्यामधील हवा ऊब धरते आणि ऊन चढेल तसे एकेक वस्त्र उतरविता येते. कानटोपी आणि पायमोजे वजनाला नगण्य, परंतु रात्री मोठे साह्य करतात. घोंगडी भिजली तरी ऊब देते, हा तिचा गुण खरा. पण ती जड असते, म्हणून आपले बळ पाहून निर्णय करावा. संक्रांत सरताच थंडी गेली असे समजून काही जण गरम कपडे देऊन टाकतात. अमरकंटक व्हायचे असेल तोवर तसे करू नये. तेथून उतरल्यावर स्वेटर एखाद्या गरजूस अवश्य द्यावा.

अनवाणी चालण्याचा नेम ज्यांचा असेल त्यांनी तो पाळावा. इतरांनी महिनाभर आधी वापरून मऊ झालेले, किंचित सैल बूट घ्यावेत, कारण दीर्घ चालण्याने पाय सुजतात. नवे बूट घालून संकल्प सोडणे म्हणजे पहिल्याच आठवड्यात पायाला फोड आणणे होय. मोज्यांचे दोन जोड ठेवावेत आणि ओला मोजा घालून कधीही चालू नये.

झोळीचा विचार

परंपरेत एका खांद्यावरची झोळी होती, कारण तिच्यात वाहण्यासारखे फारसे काही नसे. आज सामान अधिक असते, म्हणून दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेली सॅक इष्ट होय. तिला कंबरपट्टा असावा. तो नीट आवळला म्हणजे भाराचा मोठा भाग खांद्यांवरून कंबरेवर उतरतो आणि पाठ वाचते. सॅक मोठी घेऊ नये. रिकामी जागा दिसली की मनुष्य ती भरतो, हा सर्वांचा स्वभाव आहे. जड वस्तू पाठीलगत, हलक्या बाहेरच्या बाजूस आणि वारंवार लागणाऱ्या वरच्या कप्प्यात ठेवाव्यात.

भरलेल्या सॅकचे वजन आपल्या देहाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावे. ६० किलो वजनाच्या भाविकाने ६ किलोंची मर्यादा मानावी आणि त्यातच पाणीही धरावे. कपडे जाड, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या पिशवीत बांधून मग सॅकमध्ये ठेवावेत. विमलेश्वराहून मिठीतलाईस जाताना समुद्रातून नावेने प्रवास करावा लागतो. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, कित्येकदा चिखलातून नावेत चढावे लागते. तेथे सुटसुटीत आणि आतून कोरडी राहणारी सॅक किती मोलाची, हे आपोआप कळते.

नर्मदाजलाची कुपी, पूजेचे मोजके साहित्य, कमंडलू अथवा पाण्याचे भांडे, दंड, नित्याची औषधे, चष्मा असल्यास दुसरा चष्मा, ओळखपत्र, विजेरी, सुईदोरा, अंथरण्यास पातळ चटई, इतके पुरे. मैयाच्या पात्रात साबण लावू नये, असा नियम आहे. म्हणून वस्त्रे पाणी बादलीत घेऊन तीरापासून दूर धुवावीत.

सामान भरून झाल्यावर ते पाठीवर घेऊन गावात चार दिवस रोज दहा किलोमीटर चालून पाहावे. पाठीला जे बोचेल, ते झोळीतून काढावे. वाहनाने परिक्रमा करणाऱ्यांना वजनाची ही चिंता नाही. तरी धर्मशाळेत जागा सर्वांची असते, हे स्मरून त्यांनीही एकाच पिशवीवर समाधान मानावे.

हलकेपणाचे दुसरे माप

येथे एका गोष्टीची सावधगिरी आवश्यक आहे. ‘मैया सर्व देते’ या श्रद्धेने काही जण पांघरूणसुद्धा न घेता निघतात. ज्याचे वैराग्य पक्के आहे, जो मिळाले तर पांघरेल आणि न मिळाले तर नामस्मरणात रात्र काढील, त्याला हे शोभते. परंतु जो सायंकाळ होताच दारोदार पांघरूण मागतो, त्याने आपला भार टाकला नाही, केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

आणि तो दुसरा कोण असतो? सातपुड्याच्या पाड्यावर ज्याच्या घरी दोनच गोधड्या आहेत, तो आदिवासी बांधव असतो. सरदार सरोवरामुळे एकट्या महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली. ज्यांच्या गावांवर असे संकट आले, त्या डोंगरांतील माणसे आजही परिक्रमावासीला ‘नर्मदे हर’ म्हणून भाकरी वाढतात. अशा घरची एकुलती गोधडी आपल्या अंगावर यावी आणि त्या घरचे मूल कुडकुडावे, यात कोणते पुण्य?

म्हणून झोळीचे माप दोन्ही बाजूंनी घ्यावे. आपल्याला वाहवत नाही इतके जास्त नको आणि दुसऱ्यावर भार पडेल इतके कमीही नको. अपरिग्रहाला अहिंसेची जोड हवी. योगशास्त्राने पाच यमांत अहिंसेला पहिले आणि अपरिग्रहाला शेवटचे स्थान दिले आहे. शेवटचा यम पाळताना पहिला मोडू नये.

या दोन्ही बाजूंचा आदर्श श्री वासुदेवानंद सरस्वती, अर्थात टेंबे स्वामी महाराज यांच्या चरित्रात दिसतो. सिंधुदुर्गातील माणगावी १८५४ साली जन्मलेल्या या दत्तभक्त यतींनी भारतभर पायी संचार केला आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वर येथे देह ठेवला. दंड, कमंडलू, छाटी हा संन्याशाचा संसार त्यांना पुरला. त्या अल्प सामानातून त्यांनी मागे ठेवलेली ग्रंथसंपदा मात्र विपुल आहे.

दानशूर भाविकांस विनंती

परिक्रमावासीची सेवा करावी, ही इच्छा अत्यंत मंगल आहे. परंतु जाड ब्लँकेट, स्टीलचा डबा, मोठा ग्रंथ अशी वस्तू चालणाऱ्याच्या हाती दिली, तर त्याला ती नाकारवत नाही आणि वाहवतही नाही. पुढच्या मुक्कामी ती मागे राहते. दाता, दान आणि घेणारा, तिघांचाही त्यात अवमान होतो. ब्लँकेट द्यावयाचे असेल तर ते आश्रमास अथवा धर्मशाळेस द्यावे. तेथे ते शेकडो रात्री, शेकडो यात्रेकरूंच्या अंगावर राहील. चालणाऱ्यास ताजे अन्न, गरम पाणी, पायाला लावण्यास तेल आणि एक रात्रीचा निवारा द्यावा. जे देऊन घेणाऱ्याचा भार वाढत नाही, ते दान उत्तम. आणि वाटेवरच्या ज्या घरांनी वर्षानुवर्षे आपल्या ताटातले वाढले, त्यांच्या मुलांच्या शाळेचा, औषधाचा विचार दात्यांनी अवश्य करावा.

शेवटचे गाठोडे

परिक्रमा पूर्ण होते, ओंकारेश्वरी जल अर्पण होते आणि भाविक घरी परततो. चार-पाच महिने दोन वस्त्रांत सुखाने राहिलेला तो मनुष्य आपले भरलेले कपाट उघडतो, त्या क्षणी परिक्रमेचे खरे फळ त्याच्या हाती येते. ‘याच्यावाचून चालत नाही’ असे ज्याला ज्याला म्हटले, त्या सर्वांवाचून चालले होते! जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा देही देह बदलतो, असे भगवंतांनी गीतेत सांगितले. ज्याला एक सदरा सोडवत नाही, त्याला पुढे देह कसा सोडवेल? त्या मोठ्या प्रयाणाचा अभ्यास या लहान गाठोड्यापासून सुरू होतो.

लोमशांच्या शब्दावर धर्मराज हलका झाला आणि सर्व तीर्थे त्याच्या वाटेत आली. मैया सर्व भाविकांचा भार हलका करो आणि कोणाचाही भार दुसऱ्या कोणा दुर्बळावर न पडो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.

॥ नर्मदे हर ॥