खरं किती वेळा सांगावं?



बँकेत ३६ वर्षं क्लार्क म्हणून काढली. शिल्लक जुळल्याशिवाय उठायचं नाही आणि खोटी नोंद करायची नाही, या दोन गोष्टी अंगात मुरल्या. निवृत्तीनंतर घरातच, खरी नोंद करावी की नाही, असा प्रश्न उभा राहील असं वाटलं नव्हतं.

माझी आई ८९ वर्षांची आहे. माझा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हाच तिला विसर पडू लागला होता. आता रोज दिवेलागणीला ती दाराकडे बघते आणि विचारते, "दादा आला नाही का रे अजून?"

पहिले काही महिने मी खरं सांगत होतो. "आई, दादा गेला ना गं." दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळायची. अर्ध्या तासाने कशासाठी रडलो ते विसरायची, पण रडवेली रात्रीपर्यंत राहायची. डॉक्टरांनी समजावलं की या आजारात नवीन गोष्ट पक्की करणारा मेंदूचा भाग आधी दुबळा होतो. लहानपणापासूनचं, पाठ झालेलं बराच काळ टिकतं. आणि प्रसंग विसरला तरी त्याचं दुःख मनात रेंगाळतं. म्हणजे बातमी जमा होत नव्हती, दुःख मात्र रोज नावे पडत होतं.

हे साधं म्हातारपण नव्हे. आपल्या वयात चष्मा कुठे ठेवला, समोरच्याचं नाव काय, ते पटकन आठवत नाही. त्याला घाबरू नये. पण चष्मा कशासाठी असतो हेच आठवेना, तर वेळीच डॉक्टर गाठावा.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले. त्यात कपोत आहे. पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडली, त्यांच्यामागे कपोती गेली आणि शेवटी कपोतही आपणहून जाळ्यात पडला. तरुणपणी मला ही गोष्ट फार कोरडी वाटायची. एका संध्याकाळी ती आठवली आणि मी चरकलो. आई रोज जाळ्यात पडत होती, आणि खरेपणाच्या नावाखाली ते जाळं मीच पसरत होतो.

मग खोटं बोलायचं? "येतोय, वाटेत आहे" म्हणा की, असं बायको म्हणाली. माझी जीभ वळेना. शिवाय एक गोष्ट कबूल करायला मला बरेच दिवस लागले. आईला सांगितलं की मला सोबत रडणारं कोणीतरी मिळत होतं. दादाचं जाणं मला एकट्याला झेपत नव्हतं.

आता तिने विचारलं की मी शेजारी बसतो. "दादाची आठवण आली का गं?" मग ती नृसिंहवाडीच्या घाटावर लहानग्या दादाने नवी चप्पल कृष्णेत सोडून दिली, ती हकिगत सांगते. रोज तीच. मीही रोज हसतो. मग आम्ही टेंब्ये स्वामींची करुणात्रिपदी म्हणतो. जेवलो की नाही हे न आठवणारी आई तिन्ही पदं न अडखळता म्हणते. चुकतो मीच, आणि ती मला दुरुस्त करते.

यात खोटी नोंद नाही आणि रोजचा घावही नाही. मात्र एखाद्या दिवशी ती माझा हात घट्ट धरून विचारते, "गेला का रे तो?" तेव्हा मी "हो" म्हणतो. ज्याला खरोखर जाणून घ्यायचं आहे त्याच्यापासून लपवू नये. तो तिचा हक्क आहे.

मागे एकदा असं "हो" म्हटल्यावर ती रडली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मग आता तुला कोण रे?"

दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!