पहिले वर्ष एकट्याचे नसते



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुलामुलींनी यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. कुणी पहाटे उठून चर्चगेटची लोकल पकडतो, कुणी घर सोडून वसतिगृहात राहायला गेली आहे. बारावीपर्यंत शिक्षक नावाने ओळखत होते. आता वर्ग भरलेला, शिकवणे इंग्रजीतून, सहा महिन्यांचे सत्र आणि हजेरीची अट. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला सुरुवातीला निम्मे समजत नाही आणि हात वर करायची लाज वाटते. घरी विचारले तर "ठीक चाललंय" एवढेच उत्तर मिळते. मग सत्राचा निकाल लागतो, दोन विषयांत केटी लागते आणि ती घरापासून लपवली जाते. केटी पुढे सुटू शकते. पण लपवाछपवी मुलाला आतून पोखरते. अशा मुलांची काळजी आम्हांला वाटते.

३१ जुलै रोजी आपण संत इग्नाशिअस लोयोला ह्यांचा सण साजरा करतो. शूर सैनिक, येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते अनेक वर्षे एक धडपडणारे विद्यार्थीही होते.

१५२१ साली लढाईत पाय जायबंदी झाला आणि त्यांचे जीवन पालटले. लोकांच्या आत्म्यांची सेवा करायची तर शिकले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. तिशी ओलांडल्यावर ते बार्सिलोनात लॅटिन शिकू लागले. पाठांतराला बसले की मनात भक्तीचे गोड विचार येत आणि अभ्यास मागे पडे. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा येत नाहीत असे विचार अभ्यासाच्याच वेळी येतात, तेव्हा हा मोह आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी शिक्षकांकडे जाऊन सगळे सांगितले आणि एकही धडा न चुकवण्याचे वचन दिले. मुलांनो, अभ्यासाच्या वेळी अभ्यास करणे हीसुद्धा देवाची सेवा आहे. संतांना भक्तीच्या विचारांनाही आवर घालावा लागला, तर मोबाईलला आपण किती आवर घालायला हवा!

पुढे अल्काला येथे त्यांनी एकाच वेळी अनेक विषय घेतले आणि पाया कच्चाच राहिला. १५२८ साली ते पॅरिसला आले तेव्हा त्यांनी मोठेपणा बाजूला ठेवला आणि लहान मुलांबरोबर बसून लॅटिन पुन्हा पहिल्यापासून गिरवले. जवळचे पैसे एका सोबत्याकडे ठेवायला दिले होते, ते त्याने खर्च करून टाकले. मग धर्मशाळेत राहावे लागले. ती महाविद्यालयापासून दूर. तिचे दार सकाळी उशिरा उघडे आणि संध्याकाळी लवकर बंद होई, त्यामुळे तास बुडत. लोकलच्या गर्दीत पहिला तास गमावणाऱ्या आपल्या मुलांना हे दुःख चांगले समजेल. एका धर्मबंधूचा सल्ला घेऊन ते वर्षातून एकदा फ्लँडर्सला जाऊ लागले. तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षभराची मदत मागून आणत आणि उरलेला काळ अभ्यासाला देत.

१५२९ साली त्यांना संत बार्बरा महाविद्यालयात जागा मिळाली. त्या खोलीत आणखी दोन विद्यार्थी होते. पीटर फेबर हा मेंढरे राखलेला शेतकऱ्याचा मुलगा, तर फ्रान्सिस झेविअर हा नव्हारच्या सरदार घराण्यातला. इग्नाशिअस त्या दोघांपेक्षा कितीतरी मोठे. पण तत्त्वज्ञानाचा धडा ते फेबरकडून समजून घेत आणि फेबरच्या मनातली भीती व घालमेल ऐकून त्याला धीर देत. फ्रान्सिस बराच काळ दूर दूर राहिला, तरी त्यांनी त्याला सोडले नाही. तोच फ्रान्सिस १५४२ साली गोव्यात उतरला आणि पुढे आपल्या वसईच्या भूमीलाही त्याचे पाय लागले. एका खोलीतल्या तिघांनी एकमेकांना दिलेल्या आधाराचे फळ आपल्या दारापर्यंत पोहोचले आहे. आज ख्रिस्तसभा त्या तिघांनाही संत मानते.

संत लूक सांगतात, बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. देवाच्या पुत्राला प्रश्न विचारणे कमीपणाचे वाटले नाही, मग आपल्याला का वाटावे? तीन दिवस शोधून थकलेल्या मरियेने आपली काळजी त्याला बोलून दाखवली. त्याचे उत्तर तिला कळले नाही, तरी तिने ते अंतःकरणात जपले आणि तो त्यांच्याबरोबर घरी गेला.

विद्यार्थ्यांनो, पहिल्याच महिन्यात एका प्राध्यापकांशी ओळख करून घ्या. न समजलेला मुद्दा त्याच आठवड्यात विचारा. दोघे-तिघे मिळून अभ्यास करा. पाया कच्चा असेल तर शाळेचे पुस्तक पुन्हा उघडा.

पालकांनो, "किती टक्के?" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. "डब्याला कुणाबरोबर बसतोस?" असे विचारून पाहा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. वाईट बातमी सांगायला घराइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, हे मुलांना तुमच्या वागण्यातून कळू द्या. मूल गप्प गप्प राहू लागले, जेवण-झोप तुटली, जगण्याचा कंटाळा आला असे बोलू लागले, तर थांबू नका. आमच्याकडे या, डॉक्टरांकडे जा. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. अशी मदत घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

आणि आपण सर्वांनी काय करावे? प्रत्येक आळीत पदवी पूर्ण केलेला एखादा तरी तरुण, एखादी तरी तरुणी आहे. त्यांनी पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा हात धरावा. जुनी पुस्तके द्यावीत, फॉर्म भरायला मदत करावी, रविवारच्या मिस्सानंतर दहा मिनिटे थांबून "कसं चाललंय?" असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. पॅरिसमधल्या त्या खोलीत हेच घडले. आपल्या धर्मग्रामातही घडू द्या.

ज्ञानाचा दाता पवित्र आत्मा आपल्या विद्यार्थ्यांना प्रकाश देवो आणि त्यांना सोबत करण्याची सद्बुद्धी आपणां सर्वांना देवो. आमेन.