आधी आचरण
काशीक्षेत्री ब्रह्माघाट व दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. सायंकाळी गंगेची आरती चालू असता घरातील बालक मोबाइलमध्ये गढलेले असते. त्यास रागावणारे वडीलही त्याच यंत्रात मग्न असतील, तर त्यांच्या शब्दाला बळ कोठून येणार?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली ग्रामस्थांनी यावर उपाय योजिला. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि दीड तास लहानथोर सारेच मोबाइल व दूरदर्शनसंच बंद ठेवीत; मुले अभ्यासास बसत.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाचा बोध हाच आहे. संयम मुलांवर लादावयाचा नसतो. तो आई-वडिलांनी प्रथम आचरावयाचा असतो. काशीतील गृहस्थाने आरतीची घंटा हाच आपला भोंगा मानावा आणि प्रथम स्वतःचा मोबाइल खाली ठेवावा.