साठ पोत्यांचा होकार

नारायणगड ही बीड जिल्ह्यातली धाकटी पंढरी. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही असे कितीतरी भाविक आषाढी एकादशीला नगद नारायण महाराजांच्या या गडावर येतात. एकादशी म्हटली की साबुदाणा आलाच. गडाभोवतीच्या दुकानदारांना तो पुरवणारे एक ठोक व्यापारी बीडच्या मोंढ्यात होते. तमिळनाडूतल्या सेलम भागातला माल ते दोन पुरवठादारांकडून घेत.

त्यांची लेक बी.कॉम. होऊन दुकानात बसू लागली. कोणता पुरवठादार मागणीपैकी किती माल कबूल करतो, याचा तिने तक्ता केला. दोघांकडेही १०० पोती मागितली होती. पहिला लगेच म्हणाला, “शंभरची शंभर धाडतो, निर्धास्त राहा.” दुसऱ्याने एक दिवस मागून घेतला आणि कळवलं, “साठच जमतील. चाळिसांचं दुसरीकडं बघा.”

“आबा, पहिला १०० टक्के, दुसरा ६०. पुढच्या वर्षी दुसऱ्याला विचारायचंच कशाला?”

“दशमीपर्यंत थांब, बाळा.”

हाताशी आठ दिवस होते, तेवढ्यात आबांनी जालन्याहून ४० पोती आणवली. दशमीच्या सकाळी दुसऱ्याची ६० पोती उतरली. पहिल्याची मात्र ५५च आली. उरलेल्यांसाठी फोन केला, तर तो कुणी उचलेना. एवढ्या उशिरा कुठून आणायची? ज्यांनी वर्षानुवर्षं याच दुकानावर विसंबून गडावर माल मांडला, त्यातले काही दुकानदार त्या संध्याकाळी रिकाम्या हाताने परतले.

आबांनी लेकीला तक्त्यात तिसरा रकाना आखायला लावला, उतरलेल्या मालाचा. “आता बघ. शंभर कबूल करून पंचावन्न देणारा मोठा, की साठ कबूल करून साठ देणारा? त्याच्या नकारानं आपल्याला आठ दिवस दिले. याच्या होकारानं ते खाल्ले. शब्द आणि माल एका ओळीत मांडल्याशिवाय भरवसा कळत नाही, पोरी.”

मोठ्या किरकोळ साखळ्यांत हा हिशेब संगणक ठेवतो. मागितलेल्या नगांपैकी किती कबूल झाले, याची टक्केवारी निघते. पण नुसता होकारच मोजला, तर पुरवठादार गोदामात न डोकावताच होकार पाठवू लागतात. वॉलमार्टने २०१७ साली पुरवठादारांना ‘वेळेवर आणि पूर्ण’ ही कसोटी लावली, कमी पडणाऱ्याला दंडही ठेवला. माझ्या मते तीच खरी मोजणी. मात्र वेळेत सांगितलेल्या ‘नाही’बद्दल दंड होता कामा नये. नाहीतर खरं बोलणाराही उद्या खोटा होकार देईल.

पुढच्या आषाढीची पहिली मागणी साठवाल्याकडे गेली. त्याने ७० पोती कबूल केली आणि ७० आली. पहिल्याचं नाव लेकीने यादीतून काढलं नाही. तो शंभर म्हणाला, की ती ५५ धरते आणि उरलेल्या ४५ची सोय त्याच दिवशी दुसरीकडे लावते.