तबकडी आपली, किल्ली कुणाची?

लग्नाची डीव्हीडी लिनक्सवर घातली की बहुधा लगेच चालते. विकत आणलेल्या सिनेमाची डीव्हीडी त्याच ड्राइव्हमध्ये घातली, तर कधी पडदा काळाच राहतो, कधी रंगीत चौकोनांचा नुसता चिखल दिसतो. संगणक तोच, प्लेअर तोच. मग अडतं कुठे?

दोन्ही तबकड्या उघडून पाहा. व्हिडिओ_टीएस हा फोल्डर दोन्हीकडे सारखाच. चित्र आणि आवाज व्हीओबी फायलींत, प्रत्येक फाइल फार तर १ जीबीची. शेजारच्या आयएफओ फायलींत कुठला भाग कुठे आहे त्याची नोंद, आणि बीयूपी म्हणजे त्या नोंदीचीच राखीव प्रत. पण सिनेमाच्या तबकडीवर व्हीओबीतला मजकूर सीएसएस नावाच्या कुलपात असतो. त्याच्या किल्ल्या फायलींच्या यादीत कुठेच दिसत नाहीत. ओळख पटल्याशिवाय ड्राइव्ह त्या देत नाही. म्हणून व्हीओबी नुसती हार्ड डिस्कवर ओढून घेतली तर कुलूप बरोबर येतं, किल्ली मागेच राहते.

म्हणजे फाइल हाती असणं वेगळं आणि ती वाचता येणं वेगळं. किल्ली मिळायची परवाना घेतलेल्या प्लेअरला. ज्याचा सोर्स कोड कुणीही उघडून वाचू शकतो, त्या प्रोग्रॅमने गुप्त किल्ली ठेवायची तरी कुठे? लिनक्सवाला पैसे मोजूनही दाराबाहेर राहिला तो इथे, आणि हे मला आजही अन्यायाचंच वाटतं.

१९९९ मध्ये डीसीएसएस या छोट्या प्रोग्रॅमने ते कुलूप उघडलं. त्यात नॉर्वेच्या योन लेक योहानसनचा हात होता. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरला गेला. स्वतः विकत घेतलेला सिनेमा पाहण्यासाठी कुलूप उघडणं गुन्हा नाही, असं म्हणून ऑस्लोच्या न्यायालयाने २००३ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. अपिलातही तोच निकाल टिकला.

आज हे काम लिबडीव्हीडीसीएसएस करते. मुळात किल्ली अवघी ४० बिटांची, त्यात कुलपाची रचनाही कच्ची. त्यामुळे परवान्याची किल्ली नसली तरी ही लायब्ररी ती गणिताने शोधून काढते. उबुंटूत लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज टाकून ती बसवता येते. पहिल्यांदा तबकडी घातली की थोडं थांबावं लागतं. सापडलेल्या किल्ल्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात साठतात, आणि पुढच्या वेळी तीच तबकडी घातली की शोधाशोध करावी लागत नाही.