हेडफोन आणि प्रत्याहार

हेडफोनमधला पडदा हलला की आवाज दोन्ही बाजूंना जातो, कानाकडे आणि मागे. मागच्या आवाजाचे काय करायचे, यावरून हेडफोनचे दोन प्रकार पडतात. क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये मागे बंद कप असतो. त्यामुळे आतले गाणे बाहेर फारसे जात नाही आणि बाहेरचा गोंगाट बराचसा अडतो. मात्र कपाच्या भिंतीवर आपटून परतणारा आवाज नीट शोषला गेला नाही, तर काही स्वर अकारण फुगतात. ओपन-बॅकमध्ये मागे जाळी असते. आवाज मोकळा निघून जातो आणि गाणे डोक्यात कोंडल्यासारखे न वाटता भोवती पसरल्यासारखे वाटते. पण अगदी खालचा खर्ज बहुधा कमी पडतो, आणि पंख्याची घरघरही मैफिलीला येऊन बसते. सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून ओपन-बॅक प्रकार रुळला.

दुकानात हा प्रश्न तांत्रिक वाटतो. पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न साधनामार्गांनी फार पूर्वीच हाताळला आहे. एका नादावर मन ठरायचे तर बाकीचे आवाज अडवावे लागतात, की ते कानावर पडत असतानाही मन ठरू शकते? या वादातल्या दोन्ही पक्षांच्या खुणा मावळात थोड्या अंतरावर सापडतात.

पहिला पक्ष हठयोगाचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. याच संस्थेने १९७० मध्ये स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’ची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. या ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान येते. साधकाने हातांनी कान बंद करून आतला नाद ऐकायचा असतो. सुरुवातीला समुद्र, मेघ, भेरी असे मोठे नाद, मग शंख आणि घंटा, शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भुंग्याचा गुंजारव, असा स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाणारा क्रम दिला आहे. क्लोज्ड-बॅकच्या बाजूने याहून भक्कम साक्ष मिळणार नाही, असे वरवर वाटते. पण तोच ग्रंथ पुढे सांगतो की अभ्यास वाढला की हा नादच बाहेरच्या ध्वनीला झाकतो. हातांचे काम सुरुवातीपुरते आहे.

पतंजलीच्या सूत्रांवरचे व्यासभाष्य हा मुद्दा अधिक नेमका करते. प्रत्याहारावरच्या, म्हणजे इंद्रिये विषयांपासून मागे घेण्यावरच्या, दुसऱ्या सूत्राखाली (२.५५) भाष्यकार इंद्रियजयाविषयीची निरनिराळी मते नोंदवतो. एका मतानुसार रागद्वेष नसताना, सुखदुःख न होता शब्दादी विषय कळणे हाच इंद्रियजय. जैगीषव्याचे मत वेगळे आहे. चित्त एकाग्र झाले की विषय जाणवतच नाहीत, असे तो म्हणतो. भाष्यकार त्याचीच बाजू घेतो आणि जोडतो की चित्त आवरले की इंद्रिये आवरतात, त्यांच्यासाठी निराळा उपाय करावा लागत नाही. म्हणजे बाहेरचे ऐकू न येणे हे एकाग्रतेचे फळ ठरते. कपाची गादी हेच फळ आधी हातात ठेवते आणि एकाग्रता मागाहून येईल असे गृहीत धरते.

दुसरा पक्ष बौद्ध परंपरेचा. तिने हाच आक्षेप जास्त कडक शब्दांत घेतला आहे. मज्झिमनिकायातल्या इंद्रियभावना सुत्तात पारासरिय ब्राह्मणाचा उत्तर नावाचा शिष्य सांगतो की आपले गुरू डोळ्यांनी रूप न पाहणे आणि कानांनी शब्द न ऐकणे यालाच इंद्रियांची साधना म्हणतात. त्यावर बुद्ध विचारतो, तसे असेल तर आंधळा आणि बहिरा हे सिद्ध साधक नव्हेत काय? अर्थात परंपरा एकसुरी नाही. महापरिनिब्बान सुत्तात ध्यानाला बसलेल्या आळार कालाम या तपस्व्याच्या शेजारून पाचशे गाड्या गेल्या तरी त्याला ऐकू आले नाही, ही गोष्ट कौतुकानेच येते. मावळातली भाजे, कार्ले आणि बेडसे ही लेणी गाड्याबैलांच्या जगापासून तुटलेली नव्हती. कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपासच ती कोरली गेली. आज कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरेचे देऊळ आहे आणि चैत्रातल्या यात्रेत ढोलताशांचा आवाज दगडी कमानीपर्यंत भरून राहतो. आतल्या स्तूपासमोर बसणाऱ्याला कान झाकण्याची सोय नाही.

रसिक मात्र साधक नसतो. त्याला नादापलीकडे जायचे नसते, नादातच राहायचे असते. आणि विलंबित आलापामागची तानपुऱ्याची जवार ऐकू आली नाही, तर त्याचे नुकसान खरे असते. म्हणून वरचा आक्षेप त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. शांत खोलीत ओपन-बॅक निवडणे हाच चांगला कौल, कारण तिथे अडवण्यासारखे फारसे काही नसते आणि आवाजातला मोकळेपणा पूर्ण मिळतो. श्रावणात लोणावळ्याच्या पत्र्याच्या छपराखाली हिशेब बदलतो. पावसाच्या सरसर आवाजात उंच कंपने भरपूर असतात. ती बंद कप चांगली अडवतो. लोणावळा लोकलची घरघर खालच्या पट्टीतली असते, आणि तिथे नुसता कप कमी पडतो. अशा आवाजाला उलट्या लहरीने खोडून काढणारे नॉइज-कॅन्सलिंग हेडफोन तिथे अधिक कामाचे. ओपन-बॅकवाला अशा वेळी आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते, आणि त्यापुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. कान गमावून एकाग्रता सिद्ध करण्याचा आग्रह कोणत्याच दर्शनाने धरलेला नाही.

साधनाग्रंथांत न आलेली एक बाब उरते. जाळीतून जग आत येते तसे गाणेही बाहेर जाते. हठयोग्याचा नाद शेजाऱ्याला ऐकू येत नाही. ओपन-बॅकमधला तराणा लोकलच्या बाकावर शेजारी बसलेल्याला, रात्री त्याच खोलीत झोपलेल्याला ऐकू येतो, तोही पातळ आणि चिरका होऊन. स्टुडिओत गायकाला बंद हेडफोन देतात तेही याचसाठी. कानातला ताल माइकमध्ये शिरला, तर तो गायनाच्या ध्वनिमुद्रणातून काढता येत नाही. तिथे कप गायकाच्या एकाग्रतेसाठी नसतो, माइकसाठी असतो. आणि लोकलमध्ये तो ऐकणाऱ्याइतकाच शेजारच्या प्रवाशासाठी असतो.