‘स्वतः केले’ या शब्दांचा अर्थ

घरातील एखाद्या खोलीची जमीन कारागीर न बोलावता घरच्याच माणसाने घातली, तर ‘हे मी स्वतः केले’ असे समाधानाने सांगितले जाते; परंतु या वाक्यातील ‘मी’ कोण आणि ‘केले’ म्हणजे नेमके काय, हा भारतीय तत्त्वचिंतनातील फार जुना प्रश्न आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यासाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली, आणि दैव म्हणजे कर्त्याच्या हाती नसलेला अंश. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर हे दोघेही अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ लावतात. ही पाच कारणे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरे दिसत नाही, असा गीतेचा निर्णय आहे.

हा सिद्धान्त कार्पेट टाइल्स बसवण्यासारख्या साध्या कामावरही तपासून पाहता येतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला ५० सेंटिमीटर बाजूच्या सुमारे ४५ टाइल्स लागतात. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून खडू लावलेल्या दोऱ्याने जमिनीवर दोन रेषा मारायच्या, त्या काटकोनात छेदतात की नाही हे गुण्याने पाहायचे आणि मधल्या छेदबिंदूपासून भिंतींकडे सरकत जायचे, अशी या कामाची रीत आहे. टाइलच्या पाठीवरचा बाण पाहून दिशा ठरवावी लागते, आणि भिंतीकडेचा तुकडा पाठीकडून धारदार पात्याने कापावा लागतो. सुरुवातीला रेषा किंचित वाकडी गेली, तर ती चूक ओळीओळीने वाढत शेवटी भिंतीपाशी उघडी पडते. येथे गुडघे टेकून बसलेला देह हे अधिष्ठान आहे, दोरा, गुण्या आणि पाते ही करणे आहेत, मोजणे, कापणे, दाबणे या चेष्टा आहेत. आणि या सर्वांमध्ये ‘मी’ हा पाचातला एक आहे.

पाचवे कारण कोल्हापुरात विशेष जाणवते. पावसाळ्यात येथील तळमजल्याच्या जुन्या फरशीला ओल येते, आणि ओल्या जमिनीवर चिकटवलेली टाइल कडेने सुटते. म्हणून प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर बंद करून दिवसभर ठेवतात आणि खाली पाण्याचे थेंब धरले, तर काम पुढे ढकलतात. दैव म्हणजे हात जोडून बसण्याची सबब नव्हे. आपल्या इच्छेने न चालणाऱ्या गोष्टीची आधी विचारपूस करण्याची नम्रता, हा त्याचा व्यवहारातला अर्थ आहे.

मग कर्तेपणाचा अभिमान सोडला की श्रमाचे मोलही सुटते काय? ही शंका गंभीर आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या मातीची जमीन चोपणाऱ्या आणि शेणाने सारवणाऱ्या हातांना, विशेषतः बायकांच्या हातांना, कर्तेपण कधी दिलेच गेले नाही. ज्याला ‘मी केले’ म्हणण्याची संधीच मिळाली नाही, त्याला अहंकार सोडण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. या शंकेचे उत्तर कोल्हापूरच्या परिसरात रुजलेल्या दोन विचारांत मिळते. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी मांडलेल्या ‘कायक’ तत्त्वानुसार प्रामाणिक अंगमेहनत हीच उपासना असून कोणतेही काम हलके नसते. आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत अंगमेहनतीला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेमुळे गरिबाघरच्या मुलाला आपल्या कष्टांची लाज वाटण्याचे कारण उरले नाही. एका विचाराने श्रमाला पावित्र्य दिले, दुसऱ्याने प्रतिष्ठा दिली, आणि दोन्ही विचारांत श्रम माणसाला माणसाशी जोडतो.

म्हणून स्वतःच्या हाताने जमीन घालण्याचे धार्मिक मूल्य वाचलेल्या मजुरीत शोधू नये. दिवसभर गुडघ्यांवर बसून ज्याने पंचेचाळीस टाइल्स एका रेषेत आणल्या, त्याला रोज असेच बसणाऱ्या फरशी कारागिराच्या पाठीचा कणा कळतो. तो पुढच्या वेळी मजुरीत घासाघीस करत असेल, तर त्याने काम केले, पण कर्म जाणले नाही. ‘स्वतः केले’ हे शब्द ज्याच्या तोंडी इतर चार कारणांच्या आणि इतर हातांच्या स्मरणासह येतात, त्याच्याच तोंडी ते खरे ठरतात.